खेप क्रमांक एकशे सतरा

घरी बिअर कशी करतात ते रविवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर दाखवणार आहेत, ही खबर कैलासनं आणली तेव्हा पुंडलिकराव गच्चीवर जव चाळत बसले होते.

"बातम्याचं च्यानल हाय ना काका, चोवीस तास बोंबलते ते," कैलास म्हणाला. "त्याच्यावर हाय. 'घरच्या घरी बिअर, एक नवा छंद'."

"नवा?" पुंडलिकराव म्हणाले. चाळणी बाजूला ठेवून त्यांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता, पण राग आला की ते चष्मा पुसत.

रागाला कारण होतं. साल चालू होतं २००७, आणि पुंडलिकराव १९९३ पासून नालवाडीतल्या आपल्या घरात बिअर करत होते. तीही कुठे, तर वर्धा जिल्ह्यात, जिथे सरकारनं दारू बंद केलेली आहे. बंद म्हणजे अगदी कडक बंद. ज्याला देशी हवी त्याला ती जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे पहिल्याच पावलावर मिळते, ज्याला विलायती हवी त्याला ती घरपोच येते, आणि मोहाची हवी असेल तर योग्य दारासमोर उभं राहून नुसतं खोकलं तरी पुरतं. त्यामुळे पुंडलिकरावांना चौदा वर्षांत रिकाम्या बाटल्यांची ददात कधी भासली नाही.

पुंडलिकराव निवृत्तीपर्यंत कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. काचेची भांडी धुवायची, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, प्रॅक्टिकलला पोरांचे हात भाजू द्यायचे नाहीत, हे त्यांचं काम. पोरं त्यांना सर म्हणत. आयुष्यात त्यांनी दुसऱ्याची दुरुस्त न केलेली ही एकच चूक. बाकी आकाशवाणीनं पाण्याचा उत्कलनबिंदू चुकीचा सांगितला, वर्तमानपत्रानं ग्रहणाची वेळ चुकवली, तर दुसऱ्या दिवशी पुंडलिकरावांचं पत्र पोस्टात पडलेलं असे. संपूर्ण नाव, संपूर्ण पत्ता, पिनकोडसकट.

त्र्याण्णव साली कॉलेजच्या ग्रंथालयानं रद्दी काढली, तिच्यात त्यांना रसायनाचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. त्याचं अकरावं प्रकरण बिअरवर होतं. पुंडलिकरावांना दारूची गोडी नव्हती, अजूनही ते एका पेल्यापुढे जात नसत. पण त्या प्रकरणात लिहिलं होतं की भरडलेले जव नेमके सदुसष्ट अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावेत, एक अंश इकडे नाही की तिकडे नाही. जन्मभर दुसऱ्यांसाठी थर्मामीटर धुतलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल, ते पिणाऱ्याला कळायचं नाही.

जव भिजवायचे, मोड आणायचे, गच्चीवर वाळवायचे. वर्ध्याचं ऊन त्या कामाला फुकटात हजर. पुस्तकात हॉप्स नावाची कडू फुलं सांगितली होती, ती इकडे कोणी ऐकलेलीही नव्हती. त्यांनी काडेचिराईत घेतलं, तापाच्या काढ्यात घालतात ते कडूजहर, आणि जोडीला संत्र्याची वाळलेली साल. यीस्ट बेकरीतून. कैलास हा फ्रिज दुरुस्त करणारा. जुना फ्रिज वीस अंशांवर कशाला हवा, असं त्यानं एकदा विचारलं आणि तेव्हापासून तोही या उद्योगात सामील होता. त्याच्या ओळखीनं नीलेश आला. त्याचं जाम गावच्या चौरस्त्यावर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान होतं, आणि समुद्रपूरच्या एका बंद पडलेल्या सोडा कारखान्यातून बाटलीला झाकण बसवायचं हातयंत्र त्यानं मिळवून दिलं. तिघं मिळून त्या बिअरला 'काढा' म्हणत. उरलेला जवाचा चोथा शेजारच्या शकुबाईच्या म्हशीला जाई, आणि चौदा वर्षांत त्या म्हशीनं एकदाही तक्रार केली नव्हती.

प्रत्येक खेपेची नोंद वहीत असे. तारीख, तापमान, किती दिवस, आणि शेवटी अभिप्रायाचे चार रकाने. पुंडलिक, कैलास, नीलेश आणि शोभा.

पत्नी शोभाबाईंचा रकाना चौदा वर्षं कोरा होता. "ज्या घरात तुळस हाय, त्या घरात मी हे तोंडाले लावनार नाई," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि पाळलं. तरी पुंडलिकराव दर खेपेला रकाना आखत, वाट पाहत आणि मग त्यात एक बारीक आडवी रेघ ओढत. आपली बिअर चांगली आहे असं जगात कोणी तरी म्हणावं, अशी त्यांची फार इच्छा होती. कैलास आणि नीलेश म्हणत, पण ते पीत होते, त्यांची साक्ष काय कामाची? ज्या बाईच्या हातचं लोणचं कधी बुरसलं नाही, दही कधी बिघडलं नाही, तिनं म्हणायला हवं होतं. ते शोभाबाईंना सांगायची त्यांची हिंमत नव्हती, आणि शोभाबाईंना ते ठाऊक नव्हतं असंही नाही.

रविवारी सात वाजता तिघं टीव्हीपुढे बसले. शोभाबाई दारात तूर निवडत होत्या.

आधी भुताटकीच्या मालिकेला शोभेल असं संगीत वाजलं. मग रीता नावाची निवेदिका आली आणि डोळे मोठे करून म्हणाली की बिअर आता चक्क घरात बनू लागली आहे! पुण्यातल्या एका बंगल्यात चड्डी घातलेले चार तरुण एका चकचकीत भांड्याभोवती उभे होते. जव म्हणून पडद्यावर जे शेत डोललं ते गव्हाचं होतं.

"गहू," कैलास म्हणाला.

"गहूच," नीलेश म्हणाला. "याहिले चपाती अन् बिअर एकच वाटून राह्यली."

रीतानं सांगितलं की यीस्ट हे एक रसायन आहे. पुंडलिकरावांनी चष्मा काढला. मग एका तरुणानं खळखळ उकळत्या भांड्यात यीस्टची पुडी उपडी केली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला.

"मेलं!" पुंडलिकराव उभेच राहिले. "सारं मेलं! अरे, ते जिवंत असते बे! तीस अंशाच्या खाली आनल्याबिगर टाकाचं नसते!"

"काका, तो आयकत नाई," कैलास म्हणाला.

"म्हणून तर गाढव हाय!"

पुढे एका डॉक्टरांनी यकृतावर दोन वाक्यं टाकली. शेवटी रीतानं बिअरचा पेला उचलला, त्यात बर्फाचे तीन खडे टाकले आणि चव घेऊन म्हणाली, "वा, किती छान गोड!"

बर्फ पाहून नीलेशनं कपाळाला हात लावला. 'गोड' ऐकून पुंडलिकराव खालीच बसले. चौदा वर्षं ज्या कडूपणासाठी त्यांनी काडेचिराईत चिमटी चिमटीनं मोजलं होतं, त्याचं सगळ्या महाराष्ट्रासमोर हे झालं. आणि छंद नवा म्हणे!

"मी पत्र लिहतो," ते म्हणाले.

"लिहा, पन नाव नका टाकू," नीलेश घाईनं म्हणाला. "आपन कोन्या जिल्ह्यात राह्यतो ते ध्यानात हाय ना?"

"निनावी पत्राले कोनी किंमत देते का?"

त्यांनी चार पानं लिहिली. चुका बारा, क्रमवार. प्रत्येकीखाली पुस्तकाचा पृष्ठ क्रमांक आणि स्वतःचा अनुभव. 'मी स्वतः गेली चौदा वर्षे बिअर तयार करीत असून सध्या एकशे सतरावी खेप सुरू आहे. पुराव्यादाखल नोंदवही उपलब्ध आहे.' मित्रांवर आच येऊ नये याची काळजी मात्र त्यांनी घेतली होती. त्यांच्याबद्दल एवढंच लिहिलं, 'माझे दोन सहकारी (नावे गुप्त ठेवीत आहे), एक नालवाडीतील फ्रिज मेकॅनिक व दुसरे जाम चौरस्त्यावरील सुट्या भागांचे विक्रेते.' खाली सही, नाव, घर क्रमांक, नालवाडी, वर्धा, पिनकोड.

पुढच्या रविवारी प्रेक्षकांच्या पत्रांत ते पहिलंच निघालं. रीता म्हणाली, "वर्ध्याहून आपले एक प्रेक्षक तर आपल्यावर फारच रागावलेत बाई!" पुंडलिकरावांचा चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला. बारापैकी एकही चूक तिनं वाचली नाही. चौदा वर्षं वाचली, एकशे सतरा वाचलं, नोंदवही वाचली, फ्रिज मेकॅनिक वाचला, सुट्या भागांचा विक्रेता वाचला, आणि पत्ता तर इतक्या सावकाश, गोड आवाजात वाचला की कोणाला लिहून घ्यायचा असेल तर वेळ पुरावा.

"पिनकोडबी वाचला," कैलास हळूच म्हणाला. नीलेशनं मोटरसायकलची किल्ली शोधायला सुरुवात केली.

सोमवारी सकाळी आठ वाजता जमादार प्रेमदास दोन शिपाई घेऊन दारात उभे राहिले. पंच म्हणून शेजारच्या शकुबाई आणि कोपऱ्यावरचे किराणावाले बापूजी. जिल्ह्यात इतकी वर्षं इतकी दारू वाहिली, तिच्यातली एवढीच एक चाळणीतून गाळून, मोजून, वहीत लिहून झाली होती, म्हणून तेवढीच सापडली.

"सर, माफी करजा," जमादार टोपी काढून म्हणाले. त्यांचा मुलगा कॉलेजात पुंडलिकरावांच्या प्रयोगशाळेतून पास झालेला होता. "वरून फोन आला. टीव्हीवर आलं म्हणते. आता टीव्हीवर आल्यावर आमाले दिसलं नाई, असं म्हणता येत नाई."

मागच्या खोलीत फ्रिजमध्ये मोठं पातेलं होतं आणि खोक्यात त्याच खेपेच्या भरलेल्या बाटल्या. बापूजींनी खोक्याकडे पाहून मान हलवली. "इतके जव तुमी नेत होते, मले वाटे पूजेले नेऊन राह्यले. म्या म्हणलं, मोठा धार्मिक मानूस हाय."

जमादारांनी पातेल्यावरचं झाकण उचललं आणि वास घेतला. मग शिपायांना अंगणात पाठवून ते खालच्या आवाजात म्हणाले, "सर, हे पिन्यालायक असन तर केस होते. नासलेलं असन तर कायची केस? जवाची पेज होती, म्हशीसाठी ठेवली, आंबली, नासली. मी दोन वळी लिहतो, तुमी सही करा, मी चाललो."

"नासलेली नाई," पुंडलिकराव म्हणाले. "पिऊन पाहा."

जमादारांनी डोळे मिटले. "मले आयकू नाई आलं."

"म्या म्हणलं, नासलेली नाई. वीस अंशावर ठेवली हाय. दहा दिवस झाले. अशी खेप आजपावतो—"

"सर, तुमचं पेन्शन चालू हाय ना?"

पेन्शन चालू होतं, घर त्यावरच चालत होतं, आणि या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. पण पातेलंभर कचरा आपणच केला, असं आपल्या हातानं लिहून द्यायचं? दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, आणि स्वतःच्या नावावर ही एवढी मोठी चूक, तीही खोटी? जीभ रेटेना.

"अन् ते नोंदवही कुठं हाय?" जमादारांनी विचारलं. "टीव्हीवर तिचंबी नाव घेतलं. ते सापडली त माह्या हातात काई राह्यत नाई."

"बंबात," शोभाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी न्हाणीघराकडे पाहिलं. आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटलेला होता आणि त्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याचा एक काळा कोपरा अजून धुमसत होता. पोलीस फाटकाशी आले तेव्हाच शोभाबाईंनी हे उरकलं होतं. एकशे सोळा खेपा, चौदा उन्हाळे, सगळी तापमानं.

पुंडलिकरावांनी चष्मा पुसला नाही. ते नुसते त्या कोपऱ्याकडे बघत राहिले.

"नासलंच हाय ते, जमादारभाऊ," शोभाबाई स्वच्छ आवाजात म्हणाल्या. "चौदा वर्सं झाले, नासूनच राह्यलं. बुढ्याले समजत नाई, मी सांगून थकली. लिहा तुमी."

जमादारांनी पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. 'अंदाजे चाळीस लिटर जवाची पेज, आंबून नासलेली, मनुष्यास पिण्यास सर्वथा अयोग्य, जनावरासाठी ठेवलेली.'

"चाळीस नाई," पुंडलिकराव म्हणाले. "अडतीस. दोन लिटर गाळ असते."

जमादारांनी चाळीसवर काट मारून अडतीस केलं. तेवढी दुरुस्ती मंजूर झाली. मग पुंडलिकरावांनी सही केली, आणि त्या सहीत पहिल्यांदाच त्यांचं अक्षर वेडंवाकडं आलं.

पंचनामा खरा ठरावा म्हणून पातेल्यातली अन् उघडलेल्या बाटल्यांतली सगळी पेज शकुबाईच्या म्हशीपुढे घमेल्यात ओतली गेली. म्हशीनं तोंड घातलं ते घमेलं चाटूनच वर काढलं. मग मान वळवून तिनं पुंडलिकरावांकडे पाहिलं आणि हंबरली. इतका मनापासून अभिप्राय त्यांना कोणी दिला नव्हता, पण तो वहीत लिहायला वहीच नव्हती. जमादारांनी जाताना पंचनाम्याची कार्बन कॉपी त्यांच्या हातात ठेवली आणि "येतो सर," म्हणून नजर चुकवत निघून गेले.

संध्याकाळी सातच्या बातम्यांना कैलास आला. नीलेशही आला, मोटरसायकल दोन गल्ल्या पलीकडे लावून. शेवटी रीता हसत हसत म्हणाली, "आणि आता एक गमतीशीर बातमी! आपल्या चुका काढणाऱ्या वर्ध्याच्या त्या प्रेक्षकाची बिअर निघाली चक्क म्हशीची पेज!" मागे पडद्यावर मोहाच्या दारूची मडकी काठीनं फुटत होती. कुठल्या जंगलातली होती कोण जाणे. खाली पट्टी धावत होती, 'बिअर की पेज? पोलिसांनी केला भांडाफोड'.

"चित्र आपलं नाई," कैलास सवयीनं म्हणाला.

"ते मडके मोहाचे हाय," नीलेश म्हणाला. "काका, लिहा ना पत्र."

"काय लिहू?" पुंडलिकराव म्हणाले. "सारं चूक हाय, पन नासली हे त माह्या सहीनं हाय." त्यांनी खिशातून पंचनाम्याची घडी काढली आणि मांडीवर ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे चूक होती आणि दुरुस्त करायला ते मोकळे नव्हते. घशाशी आलेला हुंदका त्यांनी खोकून लपवला, आणि दोघा मित्रांनी तो खोकलाच आहे असं मान्य केलं.

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. शोभाबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात एक बाटली होती, गळ्यापासून बुडापर्यंत कणकीनं पांढरी झालेली.

"सकाळी वही जाळावं का बाटल्या लपवावं, सुचलं नाई," त्या म्हणाल्या. "वहीनं तुमी आत गेले असते. कणकीच्या डब्यात बाटली एकच मावली."

पुंडलिकरावांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग बायकोकडे. झाकण कैलासनं उडवलं. फेस व्यवस्थित, दोन बोटं, जसा अकराव्या प्रकरणात सांगितला होता तसा. नीलेश पेले आणायला उठला, तर शोभाबाईंनी त्याला हातानंच थांबवलं आणि देवापुढच्या दिव्याकडे पाठ करून, पदरानं तोंड अर्धं झाकून, स्टीलच्या पेल्यातून एक घोट घेतला.

त्यांचं तोंड वाकडं झालं. डोळ्यांत पाणी आलं.

"कडू हाय," त्या म्हणाल्या.

"कडूच पाह्यजे!" पुंडलिकराव ओरडलेच.

"मंग आयका ना पुढचं." त्यांनी पेला खाली ठेवला. "नासलेली नाई. नासलेल्याचा वास मले चौदा वर्सांत एकदाबी नाई आला."

"हेच सकाळी म्हणाचं होतं," पुंडलिकराव कसेबसे म्हणाले.

"सकाळी म्हणली असती त आता ठान्यात डबा घेऊन उभी असती."

पुंडलिकरावांनी खिशाचं पेन काढलं. कागद शोधायला ते उठले नाहीत. मांडीवरचा पंचनामा त्यांनी उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर हातानंच चार रकाने आखले आणि तीन तसेच सोडून चौथ्यात, नेहमीच्या सरळ, सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'खेप ११७. शोभा : कडू. नासलेली नाही.' मग खाली तारीख घातली आणि सही केली.